घाटावर, घाटाखाली : बुलढाणा जिल्ह्यातील घरमालकांपुढच्या प्रश्नांचा आढावा

बुलढाणा जिल्ह्यात शिक्षक, अडत्या, एस.टी.तला वाहक, चार-सहा एकरांचा शेतकरी अशा साऱ्यांच्या मनात एक हिशोब पक्का असतो. शहरात प्लॉट घ्यायचा, खाली आपण राहायचे, वरच्या खोल्या किरायाने द्यायच्या आणि रस्त्याकडे जागा सुटली तर दोन गाळे काढायचे. निवृत्तीनंतर किराया येत राहील, ही त्यामागची अपेक्षा. हा हिशोब तीन ठिकाणी अडतो. बांधताना ठेकेदाराशी बिनसते, दिल्यावर किरायेदाराशी बिनसते, आणि सगळे सुरळीत चालले तरी वर्षाअखेरीस हाती आलेला पैसा गुंतवलेल्या रकमेच्या मानाने थोडा निघतो.

या तिन्ही तक्रारींवर बोलले पुष्कळ जाते, पण प्रत्येकीवर वेगवेगळे. या लेखात त्या एकत्र ठेवून वाद कुठवर आला आहे ते पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. जिल्ह्यातला घरमालक कायद्याच्या कडकपणाने जेवढा अडचणीत येतो, त्याहून अधिक तोंडी व्यवहाराने येतो. आणि अलीकडे झालेले कायदे मुंबई-पुण्याचा बिल्डर आणि फ्लॅट समोर ठेवून लिहिलेले असल्याने त्याच्या व्यवहारापर्यंत ते पुरते पोचत नाहीत.

मागची गोष्ट

घाटाखालच्या भागात किरायाचा धंदा कापसाबरोबर वाढला. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला आणि बाजारपेठेत गोदामे, पेढ्या, दुकाने उभी राहिली. चांदीच्या व्यापारानेही या शहराचे नाव दूरवर नेले. अशा पेठेत दुकानाची जागा मोक्याची असते. एकदा बसलेला व्यापारी तिथेच राहतो, पुढे त्याचा मुलगा आणि नातूही. घाटावरच्या बुलढाण्याचा किराया मात्र सरकारी कचेऱ्यांवर उभा राहिला. जिल्ह्याचे मुख्यालय इथे असल्यामुळे कर्मचारी बदलीवर येतात, खोली घेतात आणि पुढची बदली झाली की जातात. शेगावात यात्रेकरू आणि १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, मलकापुरात महामार्ग आणि मुंबई-हावडा रेल्वे. गावोगाव किरायेदाराची जात वेगळी, आणि भांडणाची कारणेही वेगळी.

भाडे नियंत्रणाच्या बाबतीत वऱ्हाडाचा इतिहास मुंबईपेक्षा निराळा आहे, आणि राज्यपातळीवरच्या चर्चेत हे सहसा येत नाही. मुंबई राज्यात १९४७ चा भाडे कायदा होता, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा. विदर्भात मात्र मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालू होता. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी तो आदेश लागूच राहिला. या आदेशाखाली मालकाला किरायेदारी संपवण्याची नोटीससुद्धा थेट देता येत नसे. आधी भाडे नियंत्रकाकडे, म्हणजे महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून परवानगी घ्यायची; थकबाकी, पोटभाडेकरू किंवा स्वतःची खरी गरज यांपैकी कारण सिद्ध करायचे; त्यावर अपील झाले तर ते संपेपर्यंत थांबायचे. परवानगी हाती आली की मग नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी न्यायालयात दावा. एकाच घरासाठी दोन लढाया. त्याच आदेशात घर रिकामे झाले की मालकाने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे आणि ते कुणा सरकारी नोकराला द्यायचे हे त्यांनी ठरवावे, अशीही तरतूद होती. ‘एकदा दिलेली खोली परत येत नाही’ ही जुन्या मालकांची भीती या अनुभवातून आली आहे. ती नुसती कल्पनेतली नाही.

दरम्यान मुंबईतून एक मोठा निकाल आला. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये जुन्या मुंबई कायद्यातले भाडे गोठवून ठेवणारे कलम अवाजवी ठरवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून मुंबई, मराठवाडा, विदर्भ या तिन्ही प्रांतांच्या जुन्या व्यवस्था जाऊन एक कायदा लागू झाला. नियंत्रकाच्या परवानगीचा टप्पा गेला. मालक थेट न्यायालयात जाऊ शकतो. थकबाकीसाठी मात्र आधी ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

ठेकेदार आणि मालक

जिल्ह्यात आजही बहुतेक घरे मालक आपल्या प्लॉटवर बांधून घेतो. काम दोन रीतींनी दिले जाते. पहिली मजुरीवर: सिमेंट, लोखंड, गिट्टी, रेती मालकाने आणायची, मिस्त्रीने चौरस फुटामागे मजुरी घ्यायची. दुसरी ‘विथ मटेरियल’: साहित्यासकट चौरस फुटाचा एकच दर. दोन्हींत सुरुवात उचल देऊन होते आणि पुढचे पैसे प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी जातात. लिहिलेले असते ते एखाद्या वहीच्या पानावर: दर, उचल, तारीख. उरलेले सगळे ‘बोलणे झाले होते’ या तीन शब्दांवर.

भांडण कुठे पेटते ते जवळून पाहिले तर बहुधा मोजमापावर. समजा, तळमजला हजार चौरस फुटांचा ठरला. काम संपल्यावर ठेकेदार बाराशे फुटांचे बिल लावतो. जिन्याची कॅबिन, बाल्कनी, समोरचा ओटा, जमिनीखालची पाण्याची टाकी यांतले काय पूर्ण दराने धरायचे, काय अर्ध्या दराने आणि काय धरायचेच नाही, हे कधी ठरलेलेच नसते. मालकाला वाटते, ठेकेदाराने लुबाडले. ठेकेदाराला वाटते, फुकट काम करून घेतले. दोघेही मनापासून बोलत असतात, आणि त्यामुळेच असे भांडण मिटायला जड जाते. त्यात ‘एक्स्ट्रा काम’ येते: मालकीणबाईंनी स्वयंपाकघराचा ओटा फिरवला, देवघरासाठी कोनाडा काढला, खिडकीची जागा बदलली. करार कायद्यानुसार फुकट करून देण्याच्या इराद्याने न केलेल्या आणि दुसऱ्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला मागता येतो. तो किती, हे मात्र कोणी लिहिलेले नसते.

दुसरे मोठे कारण जमीन आणि पाणी. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत पाया पुरेसा खोल गेला नाही, खाली मुरूम भरून दाबला नाही, प्लिंथ बीम घातला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भिंतींना तिरप्या भेगा दिसू लागतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. तिथले बोअरचे पाणी काँक्रीटला वापरले तर क्षारांमुळे आतले लोखंड गंजते आणि भिंतींना लोणा लागतो. भारतीय मानकानुसार लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावे. पाण्याची ही तपासणी करून काम सुरू करणारे घरमालक विरळा. स्लॅब पडतो तो बहुधा एप्रिल-मेच्या उन्हात, कारण जूनमध्ये मजूर शेतीकडे वळतात, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, आणि कडक उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी मारायला हवे. ठेकेदार म्हणतो, पाणी पुरवणे मालकाचे काम. मालक म्हणतो, पाणी मारणे ठेकेदाराचे काम. नंतर स्लॅब गळू लागला की खापर कोणाच्या माथी फोडायचे, हे ठरवणारा कागद कुणाकडेच नसतो.

ठेकेदारांची बाजूही नीट ऐकायला हवी. मालकांच्या चर्चेत तिला जागा मिळत नाही. दर ठरल्यावर रेतीचा भाव वाढतो. पूर्णा, खडकपूर्णा या नद्यांतली रेती लिलावावर आणि सरकारी धोरणावर अवलंबून. राज्य सरकारने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचे धोरण आणले आणि दोनच वर्षांत ते बदलून पुन्हा लिलावाकडे व कृत्रिम रेतीकडे मोर्चा वळवला. एवढ्या फेरबदलात वर्षभर टिकणारा दर सांगणे लहान ठेकेदाराला परवडत नाही. टप्प्याचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर मजूर दुसऱ्या कामावर जातात आणि ते परत आणायला महिना लागतो. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजूर मिळतच नाहीत. शेवटचा हप्ता ‘काम पाहून देऊ’ म्हणून अडवून ठेवणारे मालकही कमी नाहीत.

दाद कुठे मागायची? इथे बरेच गैरसमज आहेत. ‘रेरा’ म्हणजे २०१६ चा स्थावर मालमत्ता कायदा, आणि त्याखाली २०१७ पासून चालणारे महारेरा, हे प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. बांधकामातल्या दोषासाठी पाच वर्षांची जबाबदारी तो कायदा घालतो, पण प्रवर्तकावर. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा मालक त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्यासाठी मार्ग ग्राहक आयोगाचा. गृहबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आज दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येते, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. काळ्या मातीतली भेग पुष्कळदा त्यानंतर दिसते. शिवाय दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. स्लॅबच्या दिवशी भरून ठेवलेल्या आणि २८ दिवसांनी तपासलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा अहवाल हाताशी असेल तर प्रकरण निराळे उभे राहते. त्यासाठी लागणारा खर्च घराच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तो करण्याची सवय इथे अजून रुजलेली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

किरायेदार आणि मालक

किरायेदारीच्या प्रश्नात सर्वांत जास्त फिरणारा शब्द म्हणजे ‘अकरा महिने’. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, म्हणून मुदत अकरा महिन्यांवर आणून नोंदणी टाळण्याची प्रथा देशभर पडली. महाराष्ट्रात ही युक्ती १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने निरुपयोगी केली आहे. इथे भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत किती का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मालकाला जास्त जड जाणारी गोष्ट दुसरीच आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तरीही जिल्ह्यात स्टॅम्प पेपरवर नोटरी करून व्यवहार उरकतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी, असाच समज आहे.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, म्हणून एक हिशोब मांडतो. महिना सहा हजार किराया, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. मुद्रांक शुल्क एकूण किरायावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. थोडेफार हाताळणी शुल्क आणि एजंटाची फी धरली तरी आकडा एका महिन्याच्या किरायाच्या आत राहतो. मग करार का होत नाहीत? मालकांशी बोलताना खरे कारण हळूच बाहेर येते. नोंद झाली की नगरपालिकेच्या घरपट्टीत घर ‘किरायाने दिलेले’ म्हणून चढेल, आणि आयकरातही उत्पन्न दाखवावे लागेल. घरपट्टी १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार घर किती किराया आणू शकते यावर आकारली जाते. चार पैसे वाचवायला मालक कागद टाळतो, आणि वेळ आली की त्याच कागदाशिवाय उघडा पडतो.

दुसरा समज: ‘बारा वर्षे राहिला की किरायेदार मालक होतो.’ किरायेदार म्हणून जागेत आलेला माणूस त्या किरायेदारीत मालकाचा हक्क नाकारू शकत नाही. पुरावा कायद्यातलीच ही तरतूद आहे, १८७२ च्या आणि आताच्या २०२३ च्या कायद्यातही. बारा वर्षांची मुदत आहे ती किरायेदारी कायदेशीररीत्या संपवल्यानंतर ताबा मागण्याची. तिकडे दुर्लक्ष केले तर मात्र मालकाचे नुकसान होऊ शकते. या समजापायी कितीतरी मालक दर अकरा महिन्यांनी चांगल्या, वेळेवर पैसे देणाऱ्या कुटुंबालाही उठवतात.

घर आणि दुकान यांत कायदा फरक करतो, तो इथल्या मालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे सरळ अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. दुकानाच्या लायसन्सला ही वाट नाही. तिथे दिवाणी न्यायालयातच जावे लागते. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारपेठांतले प्रश्न प्रामुख्याने दुकानांचे असल्याने जलद मार्गाचा लाभ तिथल्या मालकांना होत नाही. जुन्या किरायेदारांबाबत वर्षाला चार टक्के वाढ करता येते. २००० साली महिना ३०० रुपये किराया असलेल्या गाळ्याला चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी आकडा आठशेच्या आसपास पोचतो. शेजारी नव्याने दिलेला गाळा हजारोंत जातो. मालकाचा राग समजण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजूने जुना दुकानदार सांगतो की आजोबांनी पगडी मोजून जागा घेतली, पेठेचे नाव आम्ही वाढवले, जागेला भाव आला तो आमच्या धंद्यामुळे. १९९९ च्या कायद्याने पगडी घेणे-देणे वैध केले. त्याआधी दिलेल्या पगडीची पावती मात्र कुणाकडेच नसते. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत पंधरा टक्के व्याज आणि खर्चासह सगळी रक्कम भरली आणि पुढे नियमित भरत राहिला, तर किरायेदाराला बाहेर काढता येत नाही. मालकांना ही पळवाट वाटते, किरायेदारांना शेवटचा आधार.

किरायेदारांच्या तक्रारी मालकांच्या तक्रारींइतक्याच खऱ्या आहेत. पावती मिळत नाही. खोली सोडताना रंग, नळ, फरशीच्या नावाखाली डिपॉझिट कापले जाते. काही मालक वीज-पाणी तोडून दबाव आणतात. कायद्याने जीवनावश्यक पुरवठा तोडणे हा गुन्हा आहे. घर गळत असेल आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक दुरुस्ती करत नसेल, तर किरायेदार स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या किरायाच्या पावपट रकमेपर्यंत वजावट करू शकतो. हे अधिकार वापरले जात नाहीत, कारण पावतीशिवाय किरायेदारीच सिद्ध होत नाही. खोली शोधताना आधी आडनाव विचारले जाते, मग काय खाता, मग ‘बॅचलर’ आहात का. आडनाव ऐकून दार बंद होण्याचा अनुभव दलित आणि मुस्लिम नोकरदारांना घाटावर आणि घाटाखाली सारखाच येतो. घरमालकांच्या अडचणींचा आढावा घेताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. कुणाला ठेवायचे हा आपला हक्क, असे मालक म्हणतो. पण शहरातल्या रिकाम्या खोल्या जवळजवळ सगळ्या खासगी मालकांकडेच असतात, तेव्हा त्या नकाराचा अर्थ एका कुटुंबाला शहरच बंद होणे असा होतो.

सरकारी कर्मचारी हा बुलढाण्यातला सर्वांत आवडता किरायेदार. पगार ठरलेला आणि बदली ठरलेली. पण लहान शहरांच्या ‘झेड’ वर्गात त्याचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या दहा टक्के, आणि किरायाची वरची मर्यादा तिथेच बांधली जाते. शिक्षक आणि ग्रामसेवकांना नेमणुकीच्या गावी राहण्याची अट आहे. शहरात राहून गावात राहत असल्याचे दाखवावे लागणाऱ्याला शहरातल्या खोलीचा नोंदणीकृत करार नको असतो. म्हणजे कागद टाळण्यात इथे मालक आणि किरायेदार या दोघांचाही स्वार्थ एक होतो.

पैसा लावून काय मिळते

गुंतवणूक म्हणून किरायाचा हिशोब थोडक्यात मांडता येतो. समजा, प्लॉटसह घराला तीस लाख लागले आणि महिना सात हजार किराया आला. वर्षाला ८४ हजार, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. घरपट्टी, रंगरंगोटी आणि रिकामे महिने अजून वजा व्हायचे आहेत. तेच पैसे सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर दोन लाखांवर व्याज. पतसंस्थांच्या या जिल्ह्यात, जिथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुलढाणा अर्बनसारखी संस्था उभी राहिली, ही तुलना प्रत्येक घरात होते. तरीही लोक घर बांधतात, आणि त्यांना चुकीचे म्हणता येत नाही. जमिनीचा भाव वाढतो, घर तारण ठेवता येते, मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या शिक्षणाला उभे राहते. किराया हा त्यांच्या लेखी वरचा लाभ.

शेगावचे गणित वेगळे. तिथल्या मंदिर संस्थानची भक्तनिवासे माफक दरात चालतात आणि त्यांची व्यवस्था चोख असते, त्यामुळे खासगी लॉजच्या दरांना आपोआप लगाम बसतो. गर्दी असते ती प्रकटदिन, ऋषिपंचमी, गुरुवार, सुट्ट्यांची. एरवी खोल्या रिकाम्या. विद्यार्थ्यांना किरायाने दिलेल्या घरात एका खोलीत तीन कॉट घातले की किराया जास्त मिळतो, झीजही तितकीच होते.

घाटावर दुसरी लाट समृद्धी महामार्गाने आणली. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा परिसरात प्लॉटचे सौदे वाढले. यात अकृषिक परवानगी नसलेल्या शेतजमिनीतले गुंठे इसारावर विकले जातात आणि सातबारावर सामाईक नावे चढतात. २०२३ मध्ये शेतजमिनीचे प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे झाले, तरी एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट त्यात बसत नाही. अशा प्लॉटवर बांधकाम परवानगी अडते, बँकेचे कर्ज अडते, मग किरायाची गोष्ट दूरच. जुन्या शहरांत नझूल जमिनीवरच्या घरांची अडचण वेगळी. इमारत मालकाची, जमीन सरकारच्या पट्ट्याची. पट्ट्याचे नूतनीकरण झालेले नसेल तर विक्री, तारण, पुनर्बांधणी सगळेच थांबते.

दुकान देणाऱ्यांसाठी दोन बारीक पण महागात पडणाऱ्या गोष्टी. घरगुती मीटरवर दुकान चालले तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते आणि ती थकबाकी मीटर ज्याच्या नावे त्याच्यावर येते. आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाने जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जागा दिली तर कर व्यापाऱ्याने भरायचा. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना नंतर त्यातून वगळले. हा कर किरायात धरलेला की वेगळा, हे करारात नसेल तर नवे भांडण.

सुधारणांबद्दलची मते

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे डिपॉझिट, इतर जागेसाठी सहा महिन्यांचे. मुदत संपूनही राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट किराया. वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण. तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे.

मालकांच्या बाजूने बोलणारे हा मसुदा लवकर लागू व्हावा म्हणतात. त्यांच्या हाती अर्थशास्त्रातला पुरावा आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने दाखवले की भारतीय शहरांत किरायाने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. सॅन फ्रान्सिस्कोबद्दल स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात, १९९४ मध्ये नियंत्रण वाढवल्यावर त्याखाली आलेल्या मालकांनी किरायाच्या घरांचा पुरवठा पंधरा टक्क्यांनी घटवल्याचे दिसले. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की जुन्या किरायेदारांना आपल्या घरात टिकून राहता आले. किरायेदारांच्या बाजूचे नेमके यावर बोट ठेवतात: चौपट किरायाची टांगती तलवार लहान दुकानदाराला एका नोटिशीत रस्त्यावर आणेल. तिसरे मत जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षे असे दावे चालवणाऱ्या वकिलांचे. कायदा बदलला तरी तारखा बदलणार नाहीत. न्यायाधीश आणि कर्मचारी वाढवा, असे ते सांगतात. मला या मतात बरेच तथ्य दिसते.

एक मुद्दा मात्र या तिघांच्याही चर्चेतून निसटतो. आदर्श मसुद्यात भाडे प्राधिकरण उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचे आहे. महसूल अधिकाऱ्याच्या हाती किरायेदारी देण्याचा प्रयोग विदर्भाने १९४९ पासून २००० पर्यंत करून पाहिला आहे. निवडणुका, दुष्काळ, भूसंपादन, पीकविमा या कामांतून त्या अधिकाऱ्याला वेळ कसा मिळायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. नवी व्यवस्था आखताना नागपूर आणि अमरावती विभागांतल्या भाडे नियंत्रकांच्या जुन्या प्रकरणांचा अभ्यास व्हायला हवा, अशी मागणी इथल्या वकील संघांनी आणि घरमालकांनी करायला हरकत नाही.

काय सुटलेले नाही

किरायाने देण्यासाठी दोन गाळे बांधणारा मालक ‘ग्राहक’ आहे की ‘व्यापारी उद्देशाने’ सेवा घेणारा? स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर २०१९ च्या कायद्यानुसार व्यापारी उद्देशात येत नाही, सेवांचा उल्लेख मात्र त्या स्पष्टीकरणात नाही. शिवाय निवृत्त माणसाचा किराया स्वयंरोजगार कसा म्हणायचा, यावर प्रत्येक प्रकरणात नव्याने वाद होतो. खाली घर आणि वर-समोर गाळे अशी मिश्र इमारत असेल तर गुंता आणखी वाढतो. बुलढाणा जिल्ह्यातली निम्मीअधिक नवी बांधकामे डोळ्यांना तरी अशीच दिसतात.

दुसरा प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचा. २०२० च्या अखेरीस आलेल्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने नकाशा मंजुरी सोपी केली, तरी घर पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र घेणारे मालक थोडेच. त्यामुळे मंजूर नकाशा एक आणि उभे घर दुसरे. ठेकेदाराशी भांडण आयोगात गेले की ही विसंगती आधी मालकाच्याच अंगलट येते.

आणि ठेकेदाराच्या पात्रतेचा प्रश्न तर अजून कुणी हातातच घेतलेला नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची कामे घ्यायची तर ठेकेदाराला वर्गवारीनुसार नोंदणी लागते. घरातली वायरिंग करायला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, त्याच्या चाचणी अहवालाशिवाय वीजजोडणी मिळत नाही. ज्या स्लॅबखाली कुटुंब तीस-चाळीस वर्षे झोपणार, तो ओतणाऱ्या मिस्त्रीला मात्र कसलीही नोंदणी लागत नाही. नोंदणी सक्तीची केली तर पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम शिकलेले गवंडी धंद्याबाहेर जातील, अशी रास्त भीती आहे. ऐच्छिक ठेवली तर ती कोण करणार, हा उलट सवाल. नगरपालिकेने नकाशा मंजूर करतानाच मालक आणि ठेकेदार यांच्यातला एक छापील साधा करार, मोजमापाच्या नियमांसह, जोडून घ्यावा, असा मधला मार्ग काढता येईल. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. मंजुरीच्या अर्जाला जोडायचा एक नमुना नगरविकास खात्याने ठरवून पाठवला तरी सुरुवात होऊ शकते.